नाव तुमचं, चाव्याही तुमच्याच हाती
हस्तकलेच्या छोट्या व्यवसायासाठी कमी खर्चाची वेबसाइट कशी उभी करावी?

भीमथडी जत्रा असो की महालक्ष्मी सरस, स्टॉलवर दिवसभरात चार-पाच ग्राहक हमखास विचारतात, "तुमची वेबसाइट आहे का?" कारागीर व्हिजिटिंग कार्ड पुढे करतात. प्रदर्शन संपतं, कार्ड पर्सच्या कप्प्यात जाऊन पडतं आणि आवडलेला माल पुन्हा मागवायचा राहून जातो. गोधड्या शिवणाऱ्या ताईंपासून कोल्हापुरी चपला बनवणाऱ्या दादांपर्यंत अनेक जण मग तेच प्रश्न घेऊन येतात. एक जण वेबसाइटचे पाच हजार सांगतो, दुसरा साठ हजार, तर खरं कोणाचं? इन्स्टाग्राम असताना वेबसाइट हवी कशाला? जीएसटी नंबर नसेल तर ऑनलाइन विकता येतं का?

या प्रश्नांची उत्तरं एकेक करून पाहू. एक गोष्ट मात्र आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. वेबसाइट साधी असली तरी चालते, फुकटातली असली तरीही चालते. पण तिचं नाव, तिचे पासवर्ड आणि तुमच्या ग्राहकांची यादी या तीन गोष्टी तुमच्याच ताब्यात असल्या पाहिजेत.

आधी काम ठरवा

वेबसाइट तीन कामं करू शकते. पहिलं, तुम्ही कोण, कुठले, काय बनवता ही ओळख. दुसरं, माल दाखवून चौकशी आणि ऑर्डर तुमच्या व्हॉट्सअॅपवर आणून देणं. तिसरं, दुकानासारखी थेट विक्री: ग्राहकाने माल निवडायचा, पैसे भरायचे, पत्ता द्यायचा.

महिन्याला तीस-चाळीस नग हाताने बनत असतील, त्यातही प्रत्येक नग वेगळा असेल, तर माझ्या मते पहिली दोन कामं पुरेशी आहेत. जुन्या लुगड्यांची गोधडी एकदाच बनते. ती विकली गेली तरी साइटवर 'उपलब्ध' दिसत राहिली, तर दोन ग्राहक पैसे भरून बसतात आणि एकाची माफी मागावी लागते. थेट विक्रीचं दुकान रोज सांभाळावं लागतं. ते सांभाळायला घरात माणूस आहे का, हे आधी पाहा.

नावाचा खर्च टाळू नका

वेबसाइटच्या पत्त्याला डोमेन म्हणतात. डॉट इन किंवा डॉट कॉम नावाला वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. कमी खर्चाच्या वेबसाइटमध्ये एवढा एक खर्च मात्र कराच.

कारण सांगते. गूगल बिझनेस प्रोफाइलमध्ये एके काळी फुकट वेबसाइट बनवून मिळायची. अनेक छोट्या दुकानांनी तोच पत्ता कार्डांवर छापला. मार्च २०२४मध्ये गूगलने ती सोय बंद केली आणि ते सगळे पत्ते निकामी झाले. ज्यांचं स्वतःचं डोमेन होतं, त्यांनी तेच नाव दुसऱ्या साइटला जोडलं. त्यांच्या ग्राहकांना काही बदललेलं कळलंही नाही. इन्स्टाग्रामचंही तसंच आहे. खातं हॅक झालं किंवा काही कारणाने बंद पडलं, तर कित्येक वर्षांची मेहनत आणि ग्राहक एका दिवसात हातचे जातात. इन्स्टाग्राम जरूर चालवा, पण तिथून लोकांना आपल्या पत्त्यावर आणा.

नाव घेताना सांभाळायच्या गोष्टी:

- नाव फोनवर सांगून कळायला हवं. 'चप्पल' इंग्रजीत लिहिताना 'पी' एक की दोन? 'गोधडी'मध्ये 'एच' किती? मराठी शब्दांची ही अडचण कायम येते. नाव चार जणांना तोंडी सांगा आणि लिहायला लावा. चौघांनी चार तऱ्हांनी लिहिलं, तर दुसरं नाव शोधा.
- देवनागरीत 'डॉट भारत' हे डोमेनही मिळतं. हौसेने जरूर घ्या, पण जोडीला. अनेक ग्राहकांच्या फोनवर मराठी कीबोर्ड चालू नसतो.
- पहिल्या वर्षाची ९९ किंवा १९९ रुपयांची जाहिरात पाहून भुलू नका. दुसऱ्या वर्षापासूनचा नूतनीकरणाचा दर विचारा, खरा खर्च तोच.
- नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. मुदत टळल्यावर काही दिवसांनी ते नाव कोणीही घेऊ शकतं.
- नोंदणी तुमच्या नावाने, तुमच्या ईमेलने आणि तुमच्या मोबाइल नंबरने करा.

हा शेवटचा मुद्दा मी एका ताईंच्या अनुभवातून शिकले. वेबसाइट बनवून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्याच खात्यात घेतलं होतं. दोन वर्षांनी त्याने फोन उचलणं बंद केलं. कार्डांवर, पिशव्यांवर, लेबलांवर छापलेलं नाव ताईंना सोडून द्यावं लागलं. त्यांनी पैसे वेळच्या वेळी दिले होते. चूक एवढीच की नोंदणी कोणाच्या नावाने झाली हे विचारायचं राहिलं.

तीन वाटा, तीन खर्च

पहिली वाट, खर्च फक्त डोमेनचा. गूगल साइट्स किंवा ब्लॉगरवर चार-पाच पानांची साइट फुकट बनते आणि तिला स्वतःचं डोमेन जोडता येतं. सोबत व्हॉट्सअॅप बिझनेस घ्या. त्यातल्या कॅटलॉगमध्ये ५०० पर्यंत वस्तू फोटो आणि किमतीसह मांडता येतात. साइटवरच्या प्रत्येक वस्तूखाली 'व्हॉट्सअॅपवर विचारा' अशी लिंक द्या. गूगल बिझनेस प्रोफाइलही मोफत आहे, त्यामुळे कोल्हापुरात आलेला पर्यटक नकाशावर तुमचं दुकान शोधू शकतो. सुरुवात करणाऱ्या बहुतेकांना मी हीच वाट सुचवते.

दुसरी वाट, वर्डप्रेस आणि वूकॉमर्स. ही सॉफ्टवेअरं मोफत आहेत, पण ती ठेवायला होस्टिंग म्हणजे सर्व्हरवरची जागा भाड्याने घ्यावी लागते. साध्या होस्टिंगला वर्षाला काही हजार रुपये पडतात, आणि इथेही दुसऱ्या वर्षी दर वाढतो. हवं तसं दुकान मांडता येतं. मात्र अपडेट वेळच्या वेळी केले नाहीत तर साइट हॅक होण्याचा धोका असतो. घरात कोणी मुलगा-मुलगी हे शिकायला तयार असेल, तरच इकडे वळा.

तिसरी वाट, मासिक भाड्याचं तयार दुकान. शॉपिफायसारख्या सेवा सगळं तयार देतात. पण विक्री होवो न होवो, दर महिन्याला भाडं भरावंच लागतं. गणपती-दिवाळीत विक्री आणि पावसाळ्यात शुकशुकाट असा तुमचा हंगाम असेल, तर हा बोजा जड जातो.

कोणतीही वाट घ्या, साइटचा पत्ता 'एचटीटीपीएस'ने सुरू व्हायला हवा, म्हणजेच तिला एसएसएल असायला हवं. ते 'लेट्स एन्क्रिप्ट'सारख्या संस्थेकडून मोफत मिळतं आणि बहुतेक होस्टिंगमध्ये आधीच असतं. त्याचे वेगळे हजारो रुपये कोणी मागत असेल, तर छोट्या दुकानाला त्याची गरज नाही.

फोटो आणि मजकूर: खरी मेहनत इथे

डिझाइनवर खर्च केलेल्या पैशापेक्षा फोटोंना दिलेला एक दिवस जास्त माल विकतो, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. थेट ऊन येत नाही अशी खिडकी शोधा. ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर रंग फिके किंवा हिरवट येतात. मागे पांढरी चादर किंवा मोठा कार्डशीट लावा. प्रत्येक वस्तूचे निदान पाच फोटो घ्या: पूर्ण वस्तू, बाजूने, मागून किंवा तळातून, कारागिरी जवळून, आणि आकार कळावा म्हणून माणसाच्या हातात किंवा पायात.

कोल्हापुरीचं उदाहरण घ्या. वेणी जवळून दाखवा. कान, पट्टा, अंगठा आणि टाचेची शिलाई दाखवा. गोधडी असेल तर ती दोरीवर पूर्ण पसरून एक फोटो आणि धावदोऱ्याचे टाके मोजता येतील इतका जवळून एक फोटो. सावंतवाडीच्या लाकडी फळांशेजारी माणसाची ओंजळ दिसली की लिंबू केवढं आणि फणस केवढा हे सांगावं लागत नाही. रंग उजळवणारे फिल्टर लावू नका. पार्सल उघडल्यावर रंग वेगळा निघाला की माल परत येतो.

मोबाइलचे फोटो प्रत्येकी तीन-चार एमबीचे असतात. ते दोनशे-तीनशे केबीपर्यंत लहान करून टाका, नाहीतर गावाकडच्या नेटवर्कवर पान उघडतच नाही. मूळ फोटो मात्र जपून ठेवा.

मजकूर लिहायचा कंटाळा येतो, मला माहीत आहे. पण स्टॉलवर तुम्ही जे बोलता, तेच लिहायचं आहे. गूगल कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबा आणि मराठीत बोला, अक्षरं उमटत जातील. नंतर दुसऱ्या कोणाकडून एकदा वाचून घ्या. मजकूर फोटोत छापू नका, टाइप करूनच टाका, कारण शोधणाऱ्याला गूगल तोच दाखवतं. मराठीखाली थोडक्यात इंग्रजीही द्या.

प्रत्येक वस्तूखाली हे हवंच:

- सेंटिमीटरमध्ये माप, आणि वजन.
- कच्चा माल काय. चामडं कोणतं, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं आहे का. कापड सुती की मिश्र.
- किंमत. 'किमतीसाठी मेसेज करा' असं लिहिलेलं दिसलं की अनेक ग्राहक तिथूनच मागे फिरतात.
- बनवायला किती दिवस लागतील आणि पाठवायला किती.
- निगा. कोल्हापुरी पावसात भिजवू नये, पहिले काही दिवस ती घट्ट वाटते आणि मग पायाचा आकार घेते, हे आधीच लिहिलं की अर्ध्या तक्रारी येतच नाहीत.

चपला विकत असाल, तर मापाचं एक वेगळं पान करा. ग्राहकाला सांगा: संध्याकाळी कागदावर पाय ठेवून उभं राहा, पेन्सिल सरळ धरून पायाभोवती रेघ काढा, टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचं अंतर आणि चवड्याची रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजा, दोन्ही पायांची. बुटाचा नंबर कंपनीगणिक बदलतो, कागदावरची रेघ बदलत नाही.

'आमच्याविषयी' या पानावर 'दर्जेदार उत्पादनांची परंपरा' असली वाक्यं नकोत. कोण बनवतं, कुठे बसून बनवतं, कोणाकडून शिकलं, एका जोडाला किती दिवस जातात, हे लिहा. जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या, आणि सुरुवातीला कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. टीका झाल्यावर त्यांनी भारतीय चपलांपासून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. आपल्या मालाची हकिकत आपण स्वतः, आपल्या नावाने, नोंदवून ठेवली पाहिजे.

'कोल्हापुरी चप्पल' या नावाला भौगोलिक मानांकन (जीआय) आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. पैठणी आणि वारली चित्रकलेलाही असं मानांकन आहे. साइटवर जीआयचा उल्लेख किंवा चिन्ह वापरायचं, तर 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःची नोंद करून घ्या. खऱ्या कारागिराने हा हक्क सोडू नये.

पैसे घेताना

सुरुवातीला यूपीआय पुरतं. यूपीआय व्यवहारावर व्यापाऱ्याकडून एमडीआर हे शुल्क घ्यायचं नाही, असा नियम जानेवारी २०२०पासून आहे. कार्ड आणि नेटबँकिंग हवं असेल तर पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे जमा करून देणारी सेवा) घ्यावा लागतो. त्याचं शुल्क साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरा, आणि किंमत ठरवताना ते मोजा. गेटवेवाले पॅन आणि बँक खात्यासोबत साइटवर संपर्क, परतावा, पाठवणी आणि गोपनीयता यांची पानं आहेत का हे तपासतात. ती आधीच तयार ठेवा.

इथे फसवणुकीचे दोन प्रकार वारंवार घडतात:

- खोटा स्क्रीनशॉट. ग्राहकाने पाठवलेल्या चित्रावर माल पाठवू नका. रक्कम तुमच्या बँकेच्या अॅपमध्ये जमा झालेली स्वतः पाहा.
- मोठी ऑर्डर आणि क्यूआर कोड. "लष्करातून बोलतोय, पन्नास नग हवेत, हा कोड स्कॅन करा, पैसे येतील." पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे थांबवण्याची शक्यता कमी.

कॅश ऑन डिलिव्हरी शक्यतो टाळा. पार्सल न घेता परत आलं की दोन्ही बाजूंचं भाडं तुमच्या माथी येतं. मापावर बनवलेल्या मालाला तर निम्मी रक्कम आगाऊ घ्याच.

पाठवणीचं गणित

कुरिअर कंपन्या खरं वजन आणि खोक्याच्या आकारावरून काढलेलं वजन यांपैकी जे जास्त, त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सहसा ५,००० ने भागायचं. दोन किलोची गोधडी ४५ × ३५ × २० सेंटिमीटरच्या खोक्यात घातली तर हिशेब ६.३ किलोचा होतो. तीच दाबून बांधली आणि उंची ८ सेंटिमीटरवर आली, तर २.५२ किलोचा. स्पीड पोस्ट लहान गावांतही पोहोचते, तिचा दर आधी काढून पाहा. पाठवणीचा खर्च साइटवर स्पष्ट लिहा. शेवटच्या क्षणी वाढलेली रक्कम ग्राहकाला आवडत नाही.

जीएसटी आणि ग्राहक कायदा: तुम्हाला लागू होईल तेवढंच

महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेल, तर सहसा जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. पण ही मोकळीक राज्यातल्या राज्यात विकण्यापुरती. परराज्यात माल पाठवला की एरवी उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. साइट सुरू झाली की बंगळुरू, हैदराबाद, इंदूरहून ऑर्डर येणारच, म्हणून हा मुद्दा महत्त्वाचा.

हस्तकलेला मात्र इथे खास सवलत आहे. २०१८च्या अधिसूचनांनुसार, प्रामुख्याने हाताने बनवलेल्या आणि यादीत असलेल्या वस्तू परराज्यात विकणाऱ्याला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट मिळते. त्यासाठी पॅन असावा लागतो आणि परराज्यात जाणाऱ्या मालासाठी ई-वे बिल (वाहतुकीचं ऑनलाइन कागदपत्र) काढावं लागतं, मग पार्सल कितीही कमी किमतीचं असो. तुमची वस्तू त्या यादीत बसते का, हे कर सल्लागाराला यादी समोर ठेवून विचारा. ही सवलत अनेक कारागिरांना ठाऊकच नसते.

मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांचा नियम वेगळा आहे. ऑक्टोबर २०२३पासून नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यांना त्यांच्यामार्फत माल विकता येतो, पण फक्त स्वतःच्या राज्यात आणि जीएसटी पोर्टलवर नोंद करून.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० स्वतःच्या साइटवरून नियमित विक्री करणाऱ्यालाही लागू होतात. म्हणून साइटवर व्यवसायाचं नाव, पूर्ण पत्ता, फोन, ईमेल, तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव, आणि परत-बदलीच्या अटी लिहा. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. मापावर बनवलेला माल परत घेत नसाल तर ते पैसे घेण्याआधी सांगा. मात्र सदोष किंवा वेगळाच माल गेला असेल, तर 'परत घेणार नाही' ही पाटी उपयोगाची नाही.

छोट्या उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्णपणे मोफत आहे. त्या पोर्टलसारख्याच दिसणाऱ्या खासगी साइट हजार-दोन हजार उकळतात, तिकडे जाऊ नका.

वेबसाइट दुसऱ्याकडून बनवून घेत असाल तर

व्हॉट्सअॅपवर का होईना, पण हे लेखी ठरवून घ्या:

- डोमेन आणि होस्टिंगची खाती माझ्या ईमेलवर असतील. सगळे पासवर्ड काम संपताना मिळतील.
- पैसे तीन टप्प्यांत, शेवटचा टप्पा पासवर्ड हाती आल्यावर.
- वस्तू, किंमत आणि फोटो बदलायला मला शिकवलं जाईल. दर बदलाला शंभर-दोनशे मोजावे लागणार असतील, तर साइट लवकरच शिळी होते.
- पूर्ण साइटची प्रत मला मिळेल.
- डिझाइन आणि कोडचे हक्क माझ्याकडे येतील.

शेवटची अट उगाच नाही. तुम्ही पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचे पहिले मालक, वेगळा करार नसेल तर, कॉपीराइट कायद्यानुसार तुम्हीच. पण बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या कोडचा हक्क लेखी दिल्याशिवाय तुमच्याकडे येत नाही.

डोमेन आधीच दुसऱ्याच्या हाती असेल, तर नोंदणी कोणाच्या नावाने आहे ते 'हू-इज' शोधात किंवा नोंदणी कंपनीकडे तपासा. तुमच्या नावाने असेल तर ते दुसऱ्या कंपनीकडे हलवण्यासाठी लागणारा कोड मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. डॉट कॉमसाठी तो पाच दिवसांत द्यावा लागतो.

परदेशातून विचारणा आली तर

दिवाळीआधी अमेरिका-इंग्लंडमधल्या मराठी घरांतून चौकशी येतेच. निर्यातीसाठी आयात-निर्यात कोड लागतो. अनेक शहरांत टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रं आहेत, तिथे कागदपत्रांना मदत मिळते. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली करमाफी २९ ऑगस्ट २०२५पासून बंद झाली आहे. तिथला कर कोण भरणार, हे ग्राहकाशी आधी बोलून घ्या.

सुरू करण्याआधीची एक चाचणी

घरातल्या किंवा शेजारच्या अशा माणसाला बोलवा, ज्याने ही साइट पाहिलेली नाही. शक्यतो वयाने मोठ्या काकू किंवा मावशी. त्यांच्याच मोबाइलवर, घरच्या वायफायशिवाय साइट उघडून द्या आणि म्हणा, "यातला एक जोड मागवून दाखवा." मग शेजारी गप्प बसा, मदत करू नका. त्या कुठे थांबतात, कुठे चष्मा सारखा करतात, कुठे "आता काय दाबू?" विचारतात, ते कागदावर लिहा. तेवढ्या जागा दुरुस्त करा आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणाला तरी बोलवा.